वहीत वजनाचा रकाना नाही

पत्र थोडक्यात असं: बिबवेवाडीत राहणाऱ्या चौतिशीतल्या एका मुलीनं लिहिलं आहे. वडील ६६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दीड वर्षापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस चालू आहे. जानेवारीत हिमोग्लोबिन ७.९ होतं. मशीनवर असताना शिरेतून लोह आणि आठवड्यातून दोनदा हिमोग्लोबिनचं इंजेक्शन सुरू झालं. एप्रिलमध्ये आकडा १०.८ झाला, जूनअखेर १२.१. वडील नीट जेवायला लागले, जिना चढायला लागले, स्वारगेटला जुन्या सहकाऱ्यांबरोबर चहाला जायला लागले. पण याच काळात बीपी १५०/८० वरून १८४/१०० पर्यंत गेलं. दोन डॉक्टरांच्या मिळून बीपीच्या चार गोळ्या आहेत: अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल आणि क्लोनिडिन. मे महिन्यात एकदा मशीनवर वरचं बीपी ८६ पर्यंत उतरून त्यांना घेरी आली. तेव्हापासून डायलिसिसच्या सकाळी ते एकही गोळी घेत नाहीत. इंजेक्शनानं बीपी वाढतं असं वाचल्यावर तीन आठवड्यांपूर्वी घरच्यांनी ते परस्पर थांबवलं. आत्याचं म्हणणं, बीट-डाळिंबाचा रस आणि आळिवाचे लाडू द्या. शेजारी सांगतात, रक्ताची बाटली लावून मोकळे व्हा. मुलीचा प्रश्न: ‘एक सांभाळावं तर दुसरं बिघडतं. आधी बीपी सांभाळू की रक्त?’

तुमचं पत्र आणि वहीच्या चार पानांचे फोटो मी दोनदा पाहिले. इतकी नेटकी वही मी फार थोड्या घरांत पाहिली आहे. तारीख, सकाळचं बीपी, रात्रीचं बीपी, नाडी, हिमोग्लोबिन, कुठली गोळी किती वाजता. वाढलेले आकडे लाल पेनानं, बरे आकडे निळ्या. फक्त वजनाचा रकाना नाही. बाबा मशीनवर बसताना किती किलो होते आणि उतरताना किती, हे चारही पानांत कुठे नाही, पत्रातही नाही. माझं आजचं बहुतेक उत्तर त्या न आखलेल्या रकान्याभोवतीच फिरणार आहे.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर होते, आता निवृत्त आहे. बाबांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे वाचून घरी एकही गोळी कमी-जास्त करू नका. किडनीच्या डॉक्टरांसमोर काय मांडायचं, ते ठरवायला याचा उपयोग करा. आणि बीपी चढलेलं असताना जबरदस्त डोकेदुखी, अंधुक दिसणं, बोलणं अडखळणं, धाप, छातीत दुखणं किंवा फिटचा झटका यातलं काहीही झालं, तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा.

आता तुमचा प्रश्न. बीपी आणि रक्त यांना तुम्ही सवती केलंत, एकीला जवळ केलं की दुसरी रुसते. मला वाटतं, भांडण तिसऱ्याचंच आहे आणि आळ या दोघींवर येतोय.

इंजेक्शनाबद्दल तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. तांबड्या पेशी तयार करा हा निरोप अस्थिमज्जेला मूत्रपिंड धाडतं, एरिथ्रोपोएटिन नावाच्या संप्रेरकातून. मूत्रपिंड थकलं की निरोप जाणं बंद होतं, मग लोह भरपूर असलं तरी रक्त बनत नाही. इंजेक्शन म्हणजे बाहेरून दिलेला तोच निरोप. तो पोचला की पेशी वाढतात, रक्त दाट होतं, ऑक्सिजनच्या ओढीनं सैलावलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात, आणि काही रुग्णांचं बीपी चढतं. हिमोग्लोबिन भरभर वाढलं तर जास्तच. दोन आठवड्यांत १ पेक्षा जास्त चढलं तर डोस कमी करतात तो यासाठीच. बीपी अजिबात ताब्यात नसेल तर हे इंजेक्शन द्यायचं नसतं. म्हणजे तुमची काळजी बरोबर होती. चुकलं ते परस्पर थांबवणं.

थांबवलं तर निदान नुकसान नाही, असं आपण धरून चालतो. पण तांबड्या पेशी एका दिवसात मरत नाहीत. निरोगी माणसात त्या १२० दिवस जगतात, डायलिसिसच्या रुग्णात त्याहून बऱ्याच कमी. त्यामुळे पहिले तीन आठवडे ‘बघा, इंजेक्शनाशिवायही ठीक चाललंय’ असं वाटतं. घसरण नंतर दिसते आणि ती दिसेपर्यंत जिना पुन्हा जड झालेला असतो. आकडा वर गेला की डॉक्टर शक्यतो डोस कमी करतात किंवा अंतर वाढवतात, एकदम तोडत नाहीत. त्यांना तुम्ही अजून सांगितलेलंच नाही, असं पत्रावरून वाटतं. येत्या खेपेला सांगा. ओशाळू नका, दर महिन्याला कुणीतरी हे करतंच. चालू करण्याचा निर्णयही घरी घेऊ नका. आधी ताजं हिमोग्लोबिन, मग बीपी, मग डोस, हे त्यांना ठरवू द्या.

आणि १२.१ समोर तुम्ही ‘शाब्बास बाबा!!’ लिहिलंय. वाचून मलाही हसू आलं, पण ती शाब्बासकी १०.८ ला द्यायला हवी होती. डायलिसिसवरच्या माणसाचं हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकं करायचं नसतं. साधारण १० ते ११.५ मध्ये ठेवतात. १९९८ साली हृदयविकार असलेल्या डायलिसिसच्या रुग्णांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. ज्यांचं रक्त निरोग्यांच्या पातळीला न्यायचा प्रयत्न केला, त्यांच्यात मृत्यू आणि हार्ट अटॅक जास्त दिसू लागले, म्हणून ती मध्येच थांबवली. त्यांचे फिस्टुलाही, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातात शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागाही, जास्त गोठले. २००९ साली मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्यांच्या चाचणीत इंजेक्शनाच्या गटात पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. तेव्हापासून आमच्या युनिटमध्येही ‘अजून थोडं वाढवू या’ हा सूर बंद झाला.

अर्थात तुमचं १२.१ खरंच १२.१ आहे का, हेही बघावं लागेल. जानेवारीचं आणि एप्रिलचं रक्त मंगळवारी मशीन सुरू होण्याआधी घेतलंय. जूनचं मात्र रविवारी सकाळी लॅबचा मुलगा घरी येऊन घेऊन गेला, असं वहीत दिसतं. शनिवारी पाणी काढलेलं, त्यामुळे रविवारी रक्त दाट. मंगळवारी अंगात पाणी साठलेलं, त्यामुळे तेच रक्त पातळ. माणूस तोच, आकडा वेगळा. रक्त नेहमी त्याच दिवशी, मशीन लागण्यापूर्वी द्या. फिस्टुलाच्या हाताला युनिटबाहेरच्या कुणालाही सुई लावू देऊ नका, त्या हातावर बीपीचा पट्टाही नको.

आता लाल पेन. मी मोजले. चार पानांत एकवीस लाल आकडे आहेत. त्यातले तेरा सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळी. सहा डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी. उरलेले दोन इकडे-तिकडे.

तेराचं बघू. शनिवारी दुपारी मशीनवरून उतरलेले बाबा थेट मंगळवारी पुन्हा चढतात. आठवड्यातला हा सगळ्यात मोठा खंड. लघवी होत नाही किंवा नावापुरती होते, म्हणजे या काळात प्यायलेलं बहुतेक सगळं अंगातच राहतं. रक्तवाहिन्यांत पाणी वाढलं की बीपी चढणारच. त्यावर चार काय, सहा गोळ्या दिल्या तरी पाणी गोळीनं बाहेर पडत नाही. डायलिसिसवरच्या बऱ्याच जणांचं बीपी गोळ्यांपेक्षा पाणी नीट काढून, ड्राय वेट हळूहळू खाली आणून जास्त उतरतं. ड्राय वेट म्हणजे जादा पाणी निघून गेल्यावर माणसाचं जे खरं वजन उरतं ते. हा आकडा एकदा ठरला की कायमचा नसतो. आजारपणात मांस झडतं, त्या जागी पाणी भरतं, काटा तेवढाच राहतो आणि आपण समजतो वजन टिकलंय. उलट भूक सुधारून खरंच अंग धरलं, तर जुन्या ड्राय वेटपर्यंत ओढल्यावर माणूस कोरडा पडतो.

मे महिन्यातली घेरी याच पाण्याची असू शकते. समजा बाबांचं ड्राय वेट ५८ किलो आहे. पाणी काढण्याचा वेग किलोमागे ताशी १३ मिलिलिटरच्या वर नेऊ नये, असा एक अंदाज धरतात. म्हणजे चार तासांत जेमतेम ३ लिटर. ते ४ किलो वाढवून आले, तर वरचं एक लिटर हिसकावून काढावं लागतं. आधी जांभया येतात, मग कपाळावर घाम, मग पोटरीत गोळा. जांभई दिसली की आम्ही बीपी बघायचो. खुर्ची आडवी करायची, पाय वर, पाणी ओढणं बंद, थोडं सलाइन. नातेवाईक म्हणतात बीपी लो झालं, आणि रात्री तेच बीपी हाय झालं म्हणून फोन करतात. बऱ्याचदा दोन्हीच्या मुळाशी एकच तांब्या असतो.

आता ते सहा संध्याकाळचे आकडे. घेरीनंतर बाबांनी डायलिसिसच्या सकाळची प्रत्येक गोळी सोडली. काही रुग्णांना डॉक्टर खरंच सकाळच्या गोळ्या पुढे ढकलायला सांगतात, पण सगळ्या गोळ्या एका मापाच्या नसतात. क्लोनिडिन अचानक चुकलं की काही तासांत बीपी उसळी मारतं, डोकं दुखतं, हृदय धडधडतं. वरून मेटोप्रोलॉल डायलिसिसमध्ये बरंच धुऊन निघतं; अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन तसं निघत नाही. म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत सकाळची क्लोनिडिनसकट एकही गोळी पोटात नाही, आणि आधीच्या मेटोप्रोलॉलचा अंगात उरलेला अंशही धुतला गेलाय. तुमच्या लाल आकड्यांना एवढं कारण पुरेसं असू शकेल. हा माझा अंदाज आहे, तो डॉक्टरांकडून तपासून घ्या.

म्हणून पाचवी गोळी मागू नका. चारही गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून किडनीच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली कुठली, यांनी दिलेली कुठली, हे दोघांना एकमेकांचं माहीत आहे असं गृहीत धरू नका. चिठ्ठ्या फाइलच्या दोन वेगवेगळ्या खणांत असतात. विचारायचं एवढंच: डायलिसिसच्या सकाळी यातली कुठली घ्यायची, कुठली घरी आल्यावर, कुठली रात्री, आणि कुठली कधीच चुकवायची नाही. उत्तर त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.

आता ज्यासाठी पत्र दुसऱ्यांदा वाचलं ते. तुम्ही आनंदानं लिहिलंय की बाबा जेवायला लागले, चहाला जायला लागले. इंजेक्शन सुरू झालं आणि बीपी वाढलं, हे खरं. पण इंजेक्शन सुरू झालं आणि चहाही वाढला, लोणचं परत ताटात आलं, ढाब्याची चव आठवली. ७.९ हिमोग्लोबिन असलेला माणूस कोपऱ्यात पडून असतो, त्याला तहानही फारशी लागत नाही. १०.८ चा माणूस स्वारगेटला जातो. स्वारगेटला गेलेला ड्रायव्हर एका चहावर उठत नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

तेव्हा चहा तोडू नका, मीठ तोडा. पाण्यावर पहारा ठेवणारी घरं मिठाकडे बघत नाहीत, हे मी इतक्यांदा पाहिलंय! आठ-साडेआठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की ते साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि तेवढं पाणी मिळेपर्यंत तहान माणसाला स्वस्थ बसू देत नाही. दिवसाचं सगळं मीठ एका सपाट चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये बसायला हवं. त्यात भाजीतलं आलं, पोळीतलं आलं, खारी, फरसाण, पापड, बाकरवडीतलंही आलं. सैंधव हेही मीठच. आणि दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं ते चुकूनही आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि ते हृदय थांबवू शकतं. पाण्याचं माप डॉक्टर ठरवतील. दिवसभरात होणारी लघवी अधिक अर्धा लिटर, असं ढोबळमानानं धरतात. वरण, आमटी, ताक, आइस्क्रीम हे सगळं त्या मापातच मोजायचं.

आत्याबाईंना दुखवू नका. प्रेमानं सांगतायत. पण बाबांच्या अंगात तुटवडा आहे तो मुख्यतः निरोपाचा, आणि लोह शिरेतून मिळतंय. किती साठलंय ते फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्यांत कळतं, दर तीन महिन्यांनी त्या होतायत ना ते विचारा. या आजारात आतडं अन्नातलं लोह नीट उचलतच नाही. आणि ग्लासभर बीट-डाळिंबाच्या रसात पोटॅशियम आणि पाणी दोन्ही ठासून भरलेलं. गुळाच्या लाडवातही पोटॅशियम असतंच. आत्यांना हौसच असेल तर कमी मिठाची, लसूण-जिऱ्याची, लिंबू पिळलेली भाजी करायला सांगा. अळणी जेवण चवीचं करणं ही खरी कला आहे आणि ती त्यांच्या पिढीला येते.

रक्ताच्या बाटलीबद्दल. रक्तस्राव झाला, हिमोग्लोबिन फार खाली गेलं, छातीत दुखायला लागलं तर बाटली लागतेच आणि डॉक्टर मागेपुढे बघत नाहीत. पण ‘लावून मोकळे व्हा’ असं ते नसतं. दुसऱ्याचं रक्त घेतलं की शरीरात परक्या पेशींशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होऊ शकतात, आणि उद्या किडनी मिळाली तर नेमकी तीच जुळेनाशी होते. प्रत्यारोपणाचा विचार मनात असेल, पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे हॉस्पिटलमार्फत नाव गेलं असेल किंवा जाणार असेल, तर टाळता येणारी प्रत्येक बाटली टाळावी. तुमच्या पत्रात प्रत्यारोपणाचा उल्लेख नाही. ६६ हे वय त्यासाठी आपोआप बाद होत नाही, एकदा विचारून बघा.

दोन बारीक गोष्टी, तुमच्यासारख्या इतर घरांसाठीही. इंजेक्शन मेडिकलमधून स्वतः आणत असाल तर ते २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. बर्फाच्या पिशवीशिवाय, दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत टाकून आणलेलं इंजेक्शन लागू पडलं नाही तर दोष त्याचा नाही. फ्रीजरमध्येही ठेवू नका, बाटली जोरजोरात हलवूही नका. आणि पैशापायी खाडे होत असतील तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. त्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे कार्ड घेऊन जा आणि इंजेक्शनाचंही विचारा.

शेवटी वही. ती तुम्ही लिहिता, तुम्ही तपासता, लाल पेन तुमचं आणि घाबरणंही तुमचंच. बाबांचा हात तिला लागलेला दिसत नाही. ज्या माणसानं हवेच्या दाबाचा काटा पाहिल्याशिवाय कधी एसटी हलवली नसेल, त्याला वजनाचा काटा समजवायला जड जाऊ नये. लॉगशीट भरण्यात त्यांचा जन्म गेलाय. वजनाचा रकाना त्यांना त्यांच्या अक्षरात भरू द्या: मशीनआधी किती, मशीननंतर किती, आणि घरी रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी किती. काटा एकच ठेवा, सपाट फरशीवर. घरचं बीपी डायलिसिस नसलेल्या दिवशी घ्या, पाच मिनिटं शांत बसल्यावर, सकाळी आणि रात्री. सरासरी १४०/९० च्या खाली यावी असं साधारण बघतात, त्यांच्यासाठीचा आकडा डॉक्टर देतील. दोन आठवड्यांत सोमवार रात्रीच्या बीपीशेजारी वजन लिहून आलं की मग लाल पेन कशाला लागतंय ते तुम्हा दोघांना एकदमच दिसेल.

आणि एकदा त्यांच्याबरोबर स्वारगेटला जाऊन या. मित्रांना सांगून ठेवा, दामले-पाटील जो कोण पैसे देत असेल त्याला, की यापुढे यांचा अर्धा कटिंग. उरलेला अर्धा कुणीही प्या.